फिट आली का?

आमच्या दुकानात 'फिट' हा शब्द कात्रीसारखा दिवसभर हाताशी असतो. कुणी पॅन्ट घालून पडद्याबाहेर येतं आणि विचारतं, "फिट आहे का?" मी म्हणते, "फिट." पुढचा येतो, कमरेत दोन बोटं खुपसून दाखवतो आणि कुरकुरतो, "फारच फिट झाली हो, श्वास घेता येईना." एकाची शाबासकी तीच दुसऱ्याची तक्रार. शेजारी नळवाल्याचं दुकान आहे, त्याच्या पाटीवरही 'फिटिंग' असंच लिहिलंय. चहा प्यायला आला की तो म्हणतो, "मावशी, तुमचा-माझा धंदा एकच. फक्त तुमचं उसवतं, माझं गळतं."

मला अक्षर उशिरा आलं. हात शिवणात बसलेला, पण पेन धरला की बोटं आखडायची. कपडा तयार झाला की त्याला कागदाचा तुकडा टाचायचा आणि त्यावर 'फिट' लिहायचं, एवढं लिखाण मात्र मी रोज करत आले. दोन अक्षरं आणि एक वेलांटी. चुकायला जागाच नाही असा शब्द, म्हणून मला तो आवडायचा.

टिल्लू माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो अंगावर पीत असतानाच बहीण गेली आणि त्याला मी वाढवला. लहानपणी मुठीएवढा होता म्हणून टिल्लू. आता दारातून येताना मान वाकवावी लागते, तरी नाव तेच चिकटलंय. आमच्या गल्लीच्या टोकाला लोखंडी पत्र्याचं गोदाम आहे. तिथे पत्र्याच्या मोठमोठ्या गुंडाळ्या येतात, एकेक भरलेल्या हौदासारखी जड. छताखालून फिरणारी क्रेन त्या उचलते आणि ट्रकवर नेऊन ठेवते. टिल्लू इतकी वर्षं खाली होता. गुंडाळीतून साखळी ओवायची, साखळी क्रेनच्या आकडीत अडकवायची, मागे सरकायचं आणि वरच्या माणसाला हातानं इशारा द्यायचा. आता वरचा माणूस म्हातारा होऊन घरी बसणार होता आणि मुकादमानं त्याच्या जागी टिल्लूचं नाव पुढे केलं होतं. सोमवारपासून टिल्लू वर, काचेच्या केबिनमध्ये.

वर बसणाऱ्याची वर्दी नारिंगी. अंगात नारिंगी नसेल तर शिडीला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. गोदामाच्या सगळ्या वर्द्या माझ्याकडेच येतात. निळ्या मी डोळे मिटून शिवते. ही नारिंगी मात्र उघड्या डोळ्यांनी शिवायला घेतली होती.

गुरुवारी दुपारी तो माप बघायला आला. वर्दी नुसती टाचलेली होती. कमरेला, काखेत, पायांच्या शिवणीत, जिकडे तिकडे टाचण्या.

"श्वास रोखून घाल," मी म्हटलं. "नाहीतर चाळणी होईल तुझी."

"आणि आरसा? एवढ्याशा आरशात मी अर्धाच दिसतो."

"दुकानापुरता अर्धा पुरे. उरलेला बायकोला दाखव."

तो हसत पडद्यामागे गेला आणि मी मशीनवर बसले. थोड्या वेळानं पडद्यामागून एक आवाज आला. आधी तो माणसाचा वाटलाच नाही. मग काहीतरी धप्पकन पडलं.

पडदा ओढला तर टिल्लू जमिनीवर. अंग ताठ, डोळे पांढरे, दात आवळलेले, तोंडाच्या कोपऱ्यात फेस. मग हातपाय झटके देऊ लागले. खाली ठेवलेल्या बॉबिनी उड्या मारत होत्या. आणि दर झटक्याला टाचण्या त्याच्या अंगात शिरत होत्या. मी डोक्याखाली कापडाचा गठ्ठा सारला, त्याला कुशीवर वळवला आणि एकेक टाचणी उपसायला लागले. जन्मभर स्थिर कापडातून टाचण्या काढल्या. तडफडणाऱ्या माणसातून त्या काढताना निम्म्या माझ्याच बोटांत गेल्या. नारिंगी कापडावर रक्त पटकन दिसत नाही.

हळूहळू तो थांबला. घोरल्यासारखा श्वास घेत पडून राहिला, मग डोळे उघडले. मी कोण हे कळायला त्याला वेळ लागला. कळल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "दार उघडं होतं?"

काय झालं असं त्यानं विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं, ही पहिली वेळ नव्हे.

"लोटलेलं होतं," मी म्हटलं. "कधीपासून हे?"

"लग्नानंतर सुरू झालं. फार नाही गं येत. झोप मोडली की येते."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"लांबच्या दवाखान्यात. गोळ्या आहेत. घेतल्या की येत नाही." तो भिंतीला टेकून बसला. जीभ चावली गेली होती, बोलताना अडखळत होता. "पण गुंगी येते. आता वर बसायचं म्हणून या आठवड्यात बंद केल्या. वर पेंगून कसं चालेल?"

"म्हणजे पेंगू नये म्हणून गोळी नाही आणि गोळी नाही म्हणून हे."

"तू असं जोडून बोललीस की वाईट वाटतं."

"शिंपीण आहे मी. मला जोडायलाच येतं. आणि गोदामाच्या डॉक्टरनं तपासलं नाही का तुला?"

तेवढ्या अवस्थेतही त्याला हसू आलं. "तपासलं की. कागदात डोकं घालून एकेक विचारत होता. चष्मा? नाही. दमा? नाही. फिट? मी छाती पुढे काढून म्हटलं, 'फिट! एकदम फिट!' तो हसला, पेनानं खूण केली, म्हणाला, 'पुढचा.'"

"खोटं बोललास."

"कुठे बोललो? त्यानं जो शब्द टाकला तोच मी उचलला."

मलाही हसू फुटलं. हा लहानपणी दूध सांडायचा आणि म्हणायचा, मी नाही सांडलं, भांडं वाकडं झालं.

"मावशी," तो म्हणाला, "शब्द दे. कुणाला सांगणार नाहीस."

"पाणी देते. शब्दाचं नंतर बघू."

संध्याकाळी सूनबाई आली, टिल्लूची बायको. ती धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. मनगटावर कायम एखादा ताजा चटका असतो. आल्या आल्या तिनं माझ्या मांडीवरची वर्दी ओढून घेतली आणि न विचारता दोरे कुरतडायला बसली.

"म्हणजे तुम्हाला कळलं," ती म्हणाली.

"तू कधी सांगणार होतीस?"

"त्यानं शपथ घातली होती. आणि तुम्हाला सांगून काय, तुम्ही जेवण सोडलं असतं." तिनं दोरा दातानं तोडला. "मावशी, तो खाली असताना मी रोज संध्याकाळी आधी त्याच्या पायांकडे बघायची. दोन्ही आहेत ना. त्याच्या जोडीदाराचं पाऊल गुंडाळीखाली गेलं ते तुम्हाला आठवतंय ना? तेव्हापासून. वर गेला म्हणजे निदान त्याच्या डोक्यावर तरी काही लटकत नाही."

"त्याच्या डोक्यावर नाही. पण खालच्यांच्या डोक्यावर तो आहे."

"गोळ्या घेईल तो. मी उभी राहून गिळायला लावते."

"आणि गुंगी आली तर?"

तिनं वर्दी नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवली आणि उठली. "तुम्ही त्याची आई आहात की मुकादम, तेवढं एकदा ठरवा."

ती गेल्यावर, कमर पक्की करायची बाकी असूनही, मी सवयीनं कागदाचा तुकडा घेतला. वर्दीला टाचायचा म्हणून 'फिट' लिहायला गेले आणि पेन वरच राहिला. आपल्या बोलण्यात फिटणं म्हणजे सुटणं. गाठ फिटते, हौस फिटते, संशय फिटतो, कुणाचे उपकार फिटता फिटत नाहीत. बाहेरून आलेलं फिट म्हणजे त्याच्या उलटं, घट्ट बसणारं. आणि हे तिसरं, उभ्या माणसाला जमिनीवर आपटणारं. बसणं, सुटणं आणि पडणं, तिन्ही त्या दोन अक्षरांत. यातलं कोणतं मी त्याच्या छातीवर टाचणार होते? कागद चुरगळून मी डब्यात टाकला.

शनिवारी सकाळी मुकादमाचा फोन आला. मुकादम माणूस चांगला, पण फोनवर बोलतो ते गल्लीत उभं राहून हाक मारल्यासारखं. त्यात मागे क्रेनचा भोंगा आणि पत्र्याचा खणखणाट.

"मावशी! टिल्लूला फिट आली का?"

माझ्या हातातला खडू पडला. कुणी सांगितलं? नळवाला डोकावला होता की काय? की सूनबाईचाच धीर सुटला?

"आली," मी म्हटलं. "पण लगेच गेली हो. आता अगदी बरा आहे तो."

"काय गेली?"

"मुकादम, हात जोडते, त्याच्या पोटावर पाय देऊ नका. गोळी बंद केली होती म्हणून झालं. आता मी स्वतः बघीन, एक गोळी चुकू देणार नाही..."

"अहो मावशी, ऐकू येईना! पोटावर काय? पोटावर घट्ट होतेय का? मी वर्दीचं विचारतोय! वर्दी फिट आली का त्याला, वर्दी?"

मी मशीनचा कोपरा धरला.

"वर्दी होय," मी म्हटलं. "वर्दी... हो. पोटावर जरा घट्ट आहे."

"मग सैल करा की! एवढं काय रडवेलं होऊन सांगताय! सोमवारी सकाळी अंगात पाहिजे. आणि त्याला सांगा, बायकोला म्हणावं लाड कमी कर."

फोन बंद झाला. मी स्टुलावर बसले. सुटले बाई, असं आधी वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग वाटलं, सुटले ती कशातून? सगळं सांगून झालं होतं माझं. फक्त ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. आता परत सांगायचं म्हणजे घाबरून नव्हे, ठरवून सांगावं लागणार होतं. चुकून तोंडातून जाणं वेगळं. ठरवून बोललं तर त्याच्या भाकरीवर मी हातानं पाणी ओतल्यासारखं होणार होतं. आणि गप्प बसले तर त्या साखळीखाली उभी राहणारी माणसंही माझी गिऱ्हाइकंच. त्यांच्या प्रत्येकाच्या खांद्याचं माप मला पाठ आहे.

त्या दिवशी मी वर्दीला हात लावला नाही. रविवारी सकाळी टिल्लू दारात.

"झाली?"

"नाही."

"मावशी, उद्या पाहिजे."

"पोटावर घट्ट आहे."

"कुणी सांगितलं?"

"मीच मुकादमाला सांगितलं," मी म्हटलं आणि फोनवर काय झालं ते सगळं त्याला ऐकवलं. 'काय गेली?' पर्यंत तो हसत होता. 'गोळी'वर त्याचं हसू थांबलं.

"तू सांगितलंस त्याला."

"त्याला ऐकू आलं नाही."

"पण तू सांगितलंस."

"मला वाटलं त्याला ठाऊक आहे. टिल्लू, ऐक. तू स्वतः जा त्याच्याकडे. तू सांगितलंस तर ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर बसवील, दुसरीकडे कुठे लावील. वर असताना आली आणि खाली कुणी गेला, तर काय सांगशील त्याच्या घरी? तेव्हाही म्हणशील, त्यानं शब्द टाकला, मी उचलला?"

"बसवील म्हणे काट्यावर!" तो म्हणाला. "अगं, आकडी येणाऱ्याला कुणी कुठे बसवत नाही. घरी बसवतात. मग मी दिवसभर खिडकीत बसायचं आणि बायकोनं इस्त्री करायची. मुलगा विचारणार, बाबा, तुम्ही काय करता? सांग, काय सांगू?"

"जिवंत आहे म्हणून सांग."

"ते तो बघतोच आहे."

तो मशीनपाशी गेला आणि वर्दी उचलली. कमरेची शिवण अजून कच्च्या टाक्यांवर होती. पांढरा दोरा बाहेरून दिसत होता.

"तशी नको नेऊ," मी म्हटलं. "निदान कमर पक्की करू दे."

"तुझा भरवसा नाही. बाहीला बाही शिवून ठेवशील."

"टिल्लू, तू नाही सांगितलंस तर मी जाऊन सांगीन."

तो दारात वळला. मान वाकवलेलीच होती, चौकटीमुळे. "जा. खुशाल जा. पण मग संध्याकाळी हाक मारू नकोस जेवलास का म्हणून."

सोमवारी मी दुकान उघडलं, झाडलं आणि पुन्हा बंद केलं. हातात सुईदोऱ्याची डबी घेतली. गोदामाच्या दारावर विचारलं तर सांगायला काहीतरी हवं होतं. "वर्दीची कमर पक्की करायची राहिलीय," मी म्हटलं आणि पहारेकऱ्यानं सोडलं.

आत मी पूर्वी आले होते, पण मापं घ्यायला, ऑफिसच्या खोलीत. गोदामात पहिल्यांदाच. छत इतकं उंच की आवाज वर जाऊन परत यायला वेळ घेत होता. दोन्ही भिंतींवर रूळ, त्यांवर आडवी तुळई, तुळईखाली काचेची पेटी आणि पेटीत नारिंगी ठिपका. खाली निळ्या वर्द्यांतली माणसं गुंडाळ्यांच्या रांगांमधून चालत होती. पाठमोरे खांदे बघूनच मी त्यांना ओळखत होते.

मुकादम मध्येच उभा होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "या मावशी! खास बघायला आलात होय पोराला? बघा, कसा चालवतोय. लोणी कापल्यासारखा."

"मुकादम, त्याला खाली बोलवा. मला बोलायचंय."

"बोला की. काम कशाला थांबवायचं?"

"त्याला फिट येते."

"येणारच!" मुकादम खणखणाटावर आवाज चढवून म्हणाला. "शिवलीय कुणी! खालून बघितलं तरी कळतं, काय बसलीय अंगाला!"

"वर्दी नाही हो! त्याला... आकडी येते! आकडी!"

मुकादमानं झटकन वर बघितलं, माझा दंड धरला आणि मला ओढून बाजूला घेतलं. "सरका, सरका. येतेय खरी."

खरंच येत होती. माझ्या हाताएवढी जाड लोखंडी आकडी, रिकामी, झुलत आमच्या डोक्यावरून पुढे गेली आणि पलीकडच्या गुंडाळीवर थांबली. एका निळ्या वर्दीनं साखळी अडकवली, मागे सरकून हात वर केला. भोंगा वाजला. साखळी ताणली गेली, करकरली आणि गुंडाळी जमिनीवरून सुटली.

"अशा वेळी मध्ये उभं राहायचं नाही मावशी," मुकादम म्हणाला. "हं, काय म्हणत होतात? आकडीला काय झालं?"

दोन शब्द होते माझ्याकडे, दोन्ही संपले. तिसरा मला कुणी शिकवला नव्हता. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. डबी खाली पडली. मी दात आवळले आणि त्याचा हात हलवायला लागले, दुकानात टिल्लूचा हलत होता तसा, झटके देत, खांद्यापर्यंत. मुकादम आधी हसला. मग हात सोडवायला बघू लागला. मी सोडला नाही. नुसती वर काचेच्या पेटीकडे बघत त्याचा हात हलवत राहिले.

त्याचा चेहरा एकदम उतरला.

"कुणाला?" तो म्हणाला. आता त्याचा आवाज इतका बारीक होता की मला ओठांवरूनच कळलं. मी पेटीवरून डोळे काढले नाहीत.

गळ्यातली शिट्टी त्यानं तोंडाकडे नेली आणि परत सोडली. "दचकवायचं नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोकळा हात त्यानं आडवा धरला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश खाली-खाली केला. दुसऱ्या बाजूला तो खालच्या माणसांना मानेनं खुणावत होता. ती एकेक करून भिंतीकडे सरकली. ट्रकवाला उडी मारून उतरला आणि मागे गेला. गुंडाळीखालची जमीन रिकामी झाली.

टिल्लूला वरून हे सगळं दिसत असणार. माणसं पांगताना, मुकादमाचा आडवा हात आणि त्याच्या शेजारी मी, त्याचं मनगट अजून धरून. गुंडाळी हवेत थांबली. किंचित फिरत राहिली. काचेमागचा नारिंगी रंग हलला नाही. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं, आता नको. येऊ दे पुन्हा कधी यायची ती, माझ्या अंगावर येऊ दे, पण आता नको.

मग गुंडाळी खाली यायला लागली. इतकी हळू की खाली येतेय हे तिच्या सावलीवरून कळत होतं. लाकडी ठोकळ्यांवर ती टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

"बघितलंत?" मुकादम म्हणाला. "असा हात नाही कुणाचा." त्यानं मनगट सोडवून घेतलं आणि चोळलं. माझ्या बोटांचे वळ उठले होते. "मावशी, हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"न सांगून काय केलं असतं?"

"तुम्ही काय करायचं ते तुम्हाला ठाऊक. मी माझं सांगतो. आता मला कळलं. कळल्यावर मला गप्प बसता येत नाही. मीच त्याचं नाव दिलंय वर, माझंही निघेल त्यात."

"गोळ्या घेतल्या की येत नाही म्हणतो तो. नीट डॉक्टर बघून, नीट औषध घेऊन..."

"ते डॉक्टर ठरवील. या खेपेला धड विचारणारा. तोपर्यंत वर नाही. खाली साखळीलाही नाही."

"वजनकाट्यावर?"

"तिथे माणूस आहे." तो वाकला, माझी डबी उचलून दिली. "बघू."

मुकादमाचं 'बघू' मी वर्द्यांच्या बाबतीत बऱ्याच वेळा ऐकलंय. त्यातून कधी काही निघतं, कधी नाही.

टिल्लू शिडीवरून उतरत होता, पाठ आमच्याकडे. कमरेवरचा पांढरा कच्चा दोरा लांबून दिसत होता. भिंतीपाशी उभ्या असलेल्यांतला एकजण, ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, मोठ्यानं म्हणाला, "काय टिल्लूशेठ, पहिल्याच दिवशी सुट्टी? फिट आहात ना?" कुणी हसलं नाही. तो माणूसही मग ओशाळून इकडेतिकडे बघू लागला.

टिल्लू खाली पोचला. मुकादमापाशी जाऊन उभा राहिला, काहीतरी ऐकलं, मान हलवली. वाद घातला नाही. मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान माझ्याकडे रागानं बघेल. रागाला माझ्याकडे उत्तर होतं. ते मी येताना रस्ताभर घोकत आले होते.

तो माझ्याकडे चालत आला. मी रुळांच्या मधल्या मोकळ्या वाटेवर उभी होते, डबी छातीशी धरून.

"टिल्लू," मी म्हटलं, "बाळा..."

"मावशी, जरा बाजूला होता का?" तो म्हणाला. आवाज अगदी नीट, कामाच्या माणसाचा. "तुम्ही रस्त्यात उभ्या आहात. ट्रक येतोय."

या गल्लीत सगळेच मला मावशी म्हणतात. पहारेकरी म्हणतो, नळवाला म्हणतो, मुकादम म्हणतो, आणि सगळे अहो-जाहो करतात. बोलायला लागल्यापासून टिल्लूनं मला कधी अहो म्हटलं नव्हतं.

मी बाजूला झाले. ट्रक खरंच येत होता.